घनसावंगीची ११ अक्षरे : एकच फाईल अनेक संगणकांनी कशी वाचली?

१/
जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांपैकी बदनापूरचे नाव रोमन लिपीत बरोबर ८ अक्षरांत बसते. भोकरदनला ९ लागतात, घनसावंगीला ११. १९८० च्या दशकातील डॉस प्रणालीत फाईलच्या नावाला ८ अक्षरांची मर्यादा होती. त्यापुढे टिंब आणि प्रकार सांगणारी आणखी ३ अक्षरे. म्हणजे त्या संगणकावर बदनापूरची फाईल निघू शकत होती, घनसावंगीची मात्र नाव तोडल्याशिवाय निघत नव्हती. ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु भिन्न प्रणालींच्या संगणकांनी एकाच सामाईक दप्तरातील कागद कसे वाचायचे, या प्रश्नाचा सारा इतिहास तिच्यात सामावलेला आहे.

२/
सामाईक दप्तराचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे, आणि जालन्याइतके त्याचे ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून जालना जिल्हा झाला. जिल्हा तरुण आहे. त्याचे कागद मात्र जुने, आणि ते अनेक राजवटींच्या कपाटांतून आलेले आहेत.

३/
हैदराबादच्या दरबारी कारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ पासून उर्दू झाली. गावपातळीवर मराठी चालत असे आणि ती बहुधा मोडीत लिहिली जाई. वर्ष फसली असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा साधारण अंदाज येतो. फसली १३५८ म्हणजे इ. स. १९४८-४९. शिवाय नावांची अडचण निराळीच. उर्दूच्या नेहमीच्या लिखाणात ‘ण’साठी स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून ‘कुणबी’ हा शब्द त्या लिपीतून परत देवनागरीत येताना ‘कुनबी’ होऊन येतो.

४/
२०२३ मध्ये हा प्रश्न अभ्यासकांच्या टेबलावरून थेट चावडीवर आला. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर शासनाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, क-पत्रके बाहेर निघाली. कागद कपाटात होते. उणीव होती ती ते वाचणाऱ्यांची. उर्दू आणि मोडीचे जाणकार शोधावे लागले. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट तेव्हा सर्वांनाच दिसली : कागद हाती असणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे.

५/
लिपी, कालगणना आणि नाव, या तीन अडचणी होत्या. संगणकांच्या जगातही नेमक्या याच तीन उभ्या राहिल्या. दोन यंत्रांमध्ये तार ओढणे हे काम तुलनेने सोपे. तारेवरून येणारा निरोप समजणे अवघड. प्रत्येक कंपनीची प्रणाली स्वतःच्या पद्धतीने फाईलला नाव देई, स्वतःच्या पंचांगाने तिची तारीख मोजी आणि स्वतःच्या नियमांनी ती कोणी उघडावी हे ठरवी.

६/
या कथेचा एक प्रवाह आय.बी.एम. कंपनीत सुरू होतो. १९८३ च्या सुमारास तेथील अभियंता बॅरी फायगनबॉम यांनी एक साधी पण दूरगामी कल्पना मांडली. डॉसवरील कार्यक्रम स्वतःच्या डिस्ककडे फाईल मागतो. ती मागणी मध्येच अडवायची, तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची, आणि तिकडून आलेले उत्तर जणू स्वतःच्याच डिस्कने दिले आहे असे कार्यक्रमाला भासवायचे. या संकेतपद्धतीला त्यांनी आधी स्वतःच्या आद्याक्षरांचे नाव दिले होते. पुढे ते बदलून ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, म्हणजेच एस.एम.बी., झाले.

७/
फाईल उघडा, वाचा, लिहा, बंद करा, एवढेच निरोप असते तर काम लवकर आटोपले असते. पण सामाईक वस्तूला पाळी लागते. सामाईक विहिरीवर दोन भाऊबंदांनी एकाच वेळी मोटार सुरू केली तर भांडण ठरलेले. म्हणून वार ठरतात, तास ठरतात. एकाच नोंदवहीत दोघांनी एकाच क्षणी लिहिले तर एकाचे लिखाण पुसले जाणार. म्हणून एस.एम.बी.मध्ये ‘कुलूप’ आले : एक जण लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचे. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत उचलली, वाढवली आणि पुढे विंडोजमध्ये कायम केली.

८/
दुसरा प्रवाह युनिक्सचा. विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत ही प्रणाली रुजलेली होती. विनोद खोसला हे ज्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या कंपनीने १९८४ मध्ये ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’, म्हणजे एन.एफ.एस., आणली. तिचे तपशील १९८९ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची युनिक्स यंत्रे एकमेकांच्या फाईली सहज वाचू लागली. मात्र डॉस आणि विंडोजचे घराणे एस.एम.बी. बोलत राहिले. दोन्ही वाड्यांत दिवे होते, मधले दार तेवढे बंद होते.

९/
दोन्ही घराण्यांतील अंतर अगदी रेघेपर्यंत पोचलेले होते. फाईलचा पत्ता लिहिताना युनिक्स सुलटी तिरकी रेघ वापरते, विंडोज उलटी. कारण इतकेच, की डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सुलटी रेघ आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी आधीच खर्ची पडली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फाईली ठेवण्याचे कप्पे आले तेव्हा उलटी रेघ घ्यावी लागली. चाळीस वर्षांनंतरही सामाईक फाईलचा पत्ता एका प्रणालीवरून दुसरीवर सांगताना माणसे याच रेघेला अडखळतात.

१०/
दार उघडले ते ऑस्ट्रेलियात. डिसेंबर १९९१ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा संशोधक विद्यार्थी होता. त्याच्या टेबलावर डॉसचा संगणक, फाईली मात्र युनिक्स यंत्रावर. डॉसच्या संगणकावर डिजिटल कंपनीचे ‘पाथवर्क्स’ हे सॉफ्टवेअर होते. ते स्वतःच्या सर्व्हरशी बोलत असे, पण त्या बोलण्याचे व्याकरण ट्रिजेलपाशी नव्हते.

११/
त्याने तारेवरून जाणारे निरोप टिपणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि ऐकायला बसला. पुढे या पद्धतीचे वर्णन त्याने फ्रान्समधल्या उपाहारगृहाच्या दाखल्याने केले. भाषा येत नसलेला माणूस कोपऱ्यात बसून गिऱ्हाइके काय बोलतात आणि वाढपी काय आणून ठेवतो हे पाहत राहतो. काही दिवसांनी कोणत्या शब्दाला कोणता पदार्थ येतो हे त्याला उमगते. कोणाची चोरी नाही, कोणाचे कुलूप तोडणे नाही. केवळ कान आणि चिकाटी. मोडीचा जाणकार नसलेल्या गावात जुन्या खरेदीखतावरील ओळखीच्या नावांवरून एकेक अक्षर लावणाऱ्याची रीत याहून फार वेगळी नसते.

१२/
जानेवारी १९९२ मध्ये त्याने आपला सर्व्हर सर्वांसाठी खुला केला. आपण लिहिले ते मायक्रोसॉफ्टच्या जगातही चालणारे एस.एम.बी. आहे हे त्याला पुढे कळले. आधीचे नाव ‘एस.एम.बी. सर्व्हर’ होते; पण मिळत्याजुळत्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला. १९९४ मध्ये त्याने संगणकातील शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. सॅल्मनबेरी, सॉटिंबर, स्क्रॅम्बल असे शब्द निघाले, आणि त्यांतच एका ब्राझिली नृत्याचे नाव होते : सांबा. तेच कायम झाले.

१३/
सांबाने केलेले काम दुभाष्याचे आहे. त्यातील कालगणनेचा भाग पाहण्यासारखा आहे. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून मोजते, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. डॉसचे पंचांग १९८० पासून सुरू होते आणि दोन दोन सेकंदांच्या उड्या मारते. फाईल एका प्रणालीवरून दुसरीवर दिसू लागली की प्रत्येक तारखेचे रूपांतर करावे लागते. फसलीत ५९० मिळवणाऱ्या कारकुनाचेच हे काम; फरक एवढाच, की सांबा ते एका क्षणात हजारो वेळा करतो.

१४/
आता पुन्हा घनसावंगी. विंडोज ९५ मध्ये लांब नावांना परवानगी मिळाली, पण जुन्या कार्यक्रमांसाठी प्रत्येक लांब नावाचे एक आखूड रूपही तयार होई : पहिली ६ अक्षरे, एक लहरी रेघ आणि १ हा आकडा. सांबाची जुनी रीत वेगळी होती. ती पहिली ५ अक्षरे ठेवून लहरी रेघेपुढे दोन सांकेतिक चिन्हे जोडी. म्हणजे एकाच तालुक्याच्या फाईलला एका सर्व्हरवर एक टोपणनाव, दुसऱ्यावर दुसरे. आखूड नावावर विसंबलेल्या जुन्या कार्यक्रमाला सर्व्हर बदलताच आपली फाईल ‘हरवली’ असे वाटणे स्वाभाविक होते. फाईल हरवलेली नसे, तिचे नाव तेवढे बदललेले असे.

१५/
रोमन लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असतात. विंडोज त्यांत भेद करत नाही, युनिक्स करते; सांबाच्या कर्त्यांचा फार मोठा वेळ हा भेद सांभाळण्यात गेला. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, तेव्हा मराठीला या भांडणातून सूट मिळाली. पण मराठीपुढे त्याहून मोठी अडचण होती : फाईलचे नाव मराठीत लिहिणेच शक्य नव्हते.

१६/
१९९० च्या दशकात मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या फॉन्टांवर चालत असे. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कागदावर उमटणारे ‘शेत’ संगणकाच्या लेखी काही विचित्र रोमन चिन्हांची ओळ असे. फाईलच्या आत फॉन्ट निवडता येतो, तिच्या नावाला मात्र निवडता येत नाही. म्हणून मजकूर मराठी आणि नाव रोमन, अशी दुहेरी वहिवाट पडली. मराठी कार्यालयांतील कित्येक फोल्डर आजही रोमन नावांचे आहेत, त्याचे मूळ या काळात आहे.

१७/
यावर तोडगा घडवण्यात भारताचा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे ती मोठे केंद्र बनली. भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही लेखनपद्धत तयार झाली. विंडोज २००० ने मराठीला युनिकोडमार्गे आधार दिला आणि सप्टेंबर २००३ मधील सांबाच्या तिसऱ्या आवृत्तीने तारेवर युनिकोड बोलायला सुरुवात केली. घनसावंगीचे नाव देवनागरीत लिहून विंडोजवरून लिनक्सवर धाडण्याची वाट आता मोकळी झाली.

१८/
वाट मोकळी झाली तरी वजनाचा काटा वेगवेगळाच राहिला. विंडोज फाईलच्या नावाची लांबी चिन्हांत मोजते : २५५ पर्यंत. लिनक्स बाइटांत मोजते : तेही २५५ पर्यंतच. इंग्रजीत दोन्ही हिशेब सारखे येतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासह, ३ बाइट घेते. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाची मर्यादा ८५ चिन्हांवर येते. शासकीय पत्राचा ‘विषय’ जसाच्या तसा फाईलचे नाव म्हणून लिहिण्याची सवय असलेल्यांची फाईल विंडोजवर सुखाने नांदते आणि सामाईक सर्व्हरवर चढवताना अडते. दोष ना माणसाचा, ना फाईलचा, दोन वजनकाट्यांचा.

१९/
सर्वांत सूक्ष्म अडचण मराठीच्या स्वतःच्या अक्षरात आहे : ‘ऱ्य’. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. पहिला, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तिसरा, साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोघांना युनिकोडचे नियम समान मानतात. तिसऱ्याला मानत नाहीत. आणि संगणक नियम न लावता नुसते बाइट पाहू लागला तर तिन्ही भिन्न.

२०/
ॲपलच्या मॅक संगणकांवरील जुनी फाईलपद्धत नावातील जोडचिन्हे फोडून साठवत असे. तेथे ‘ऱ’ हे ‘र’ आणि नुक्ता असे दोन होऊन बसे. विंडोज आणि लिनक्स जसे टंकले तसे ठेवतात. मॅकवरील ‘शेतकऱ्यांची यादी’ झिप करून किंवा आरसिंक या साधनाने सामाईक सर्व्हरवर नेली की तेथे एकाच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. एकीत जुनी यादी, दुसरीत सुधारलेली. शोधणाऱ्याला त्यांपैकी एकच सापडते, आणि दुसरी अस्तित्वात असल्याची त्याला शंकाही येत नाही. २०१७ मध्ये ॲपलने आपली फाईलपद्धत बदलली, ती दोन्ही रूपे एकच मानू लागली. पण आधी साठलेल्या फाईली जुन्याच नावांनी फिरत आहेत. ‘कुणबी’ शोधणाऱ्याला ‘कुनबी’ न सापडण्याची गोष्ट येथे दुसऱ्या वेषात परत येते.

२१/
दुभाष्याचे काम कानावर विसंबून किती काळ चालणार? मायक्रोसॉफ्टने आपल्या संकेतांचे पूर्ण तपशील प्रतिस्पर्ध्यांना दिले नव्हते. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि ही माहिती देण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मराठवाडा त्या दिवशी आपला मुक्तिसंग्राम दिन साजरा करत होता, हा निव्वळ योगायोग. डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या वतीने एका संस्थेने १०,००० युरो एकदाच भरून तो दस्तऐवज रीतसर मिळवला. सोळा वर्षे ऐकून लावलेल्या व्याकरणाचे पुस्तक अखेर हाती आले.

२२/
जुने दार उघडे ठेवण्याची किंमतही मोजावी लागली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कार्यक्रमाने सुमारे १५० देशांतील संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या. तो शिरला तो एस.एम.बी.च्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ती सर्वत्र बसवली गेलेली नव्हती. त्याच वर्षाअखेरीस नव्या विंडोजमध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात झाली. सुरक्षितता वाढली, त्याबरोबर केवळ जुनीच बोली येणारी स्कॅनर यंत्रे आणि साठवणपेट्या एका सकाळी नव्या संगणकांना दिसेनाशा झाल्या. जुना वाचक निवृत्त झाला की त्याच्या लिपीतील कागद मुके होतात, हा दप्तरखान्याचा अनुभव येथेही आला.

२३/
आज विंडोज, मॅक आणि लिनक्स हे तिन्ही एस.एम.बी. बोलतात. सातबारा पाहण्यासाठी तर फाईलशी जोडणी करण्याचीही गरज उरलेली नाही. तो डिजिटल स्वाक्षरीसह ब्राउझरमध्ये येतो. परंतु त्या पानामागे फाईली आहेत, फाईलींना नावे आहेत, आणि नावे कोणीतरी टंकलेली आहेत. निजामकालीन पाने स्कॅन होऊन संगणकात गेली तेव्हा त्यांची प्रतिमा टिकली. त्यातील नाव उद्या सापडेल की नाही, हे मात्र ते आज कोणत्या रूपात टंकले जाते आणि सर्व कार्यालये त्या एका रूपावर एकमत करतात की नाही, यावर ठरणार आहे.

२४/
शेवटी एक हिशेब. घ, न, स, काना, व, अनुस्वार, ग, वेलांटी. इस्की संकेतात प्रत्येकाला एक बाइट. रोमन लिपीत ज्या नावाला ११ अक्षरे लागत आणि म्हणून जे डॉसच्या ८ घरांत कधी मावले नाही, ते ‘घनसावंगी’ आपल्या लिपीत मोजले तर बरोबर ८ भरते.